सायकलिंगचं नव्या वर्षाचं ध्येय ठरवताय? या चुका टाळा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की सायकलवाल्यांच्या ग्रुपवर आकडे पडायला लागतात. कुणाचे पाच हजार किलोमीटर, कुणाचे दहा हजार. मोठा आकडा धरण्यात काहीच गैर नाही. पण यातले बरेच संकल्प उन्हाळ्यातच बारगळतात आणि लोक स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतात. माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा माणूस कमी पडत नाही, हिशेबच चुकीचा मांडलेला असतो.

वर्षाला बारानं भागणं

5000 भागिले 12, म्हणजे महिन्याला साधारण 417. कागदावर अगदी सोपं. पण आपल्याकडचे बारा महिने सारखे कुठे असतात? जानेवारीत दहा वाजेपर्यंत मजेत सायकल चालवता येते, तर एप्रिलमध्ये साडेआठलाच ऊन चटके द्यायला लागतं. जुलैत घाटाखालच्या आणि कोकणातल्या माणसाला सलग चार कोरडे तास मिळणं मुश्कील. त्यात गणपती, दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा.

त्यामुळे पुण्या-नाशिककडच्या माणसानं तेच 5000 असे वाटून बघावेत: ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत दरमहा 560, मार्च ते मे दरमहा 400 आणि पावसाळ्याचे चार महिने दरमहा फक्त 250. बेरीज तेवढीच होते, पण जुलैत मन खट्टू होत नाही. विदर्भात हेच गणित फिरवावं लागेल, कारण तिथे खरा कस मे महिन्यात लागतो. तिथला मेचा वाटा निम्मा करून उरलेलं हिवाळ्यात टाका.

पावसाळ्यासाठी किलोमीटर सोडून दुसरंच काहीतरी ध्येय ठेवा. पंक्चर स्वतः काढणं, चेनची देखभाल शिकणं, घरच्या घरी पायांचा आणि पाठीचा व्यायाम. पावसातून आल्यावर चेन कोरड्या फडक्यानं पुसून तेल द्यायचं आणि रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर दाबणारे ब्रेक, असतील तर पॅडमध्ये अडकलेली रेती काढायची, एवढी सवय लागली तरी हंगाम सत्कारणी लागला असं मी म्हणेन.

बीआरएमचं ध्येय, पण तयारी शर्यतीची

‘या वर्षी 200 ची बीआरएम करायचीच’ हे ध्येय मला मनापासून आवडतं. बीआरएम म्हणजे ठरलेलं लांब अंतर, इथे 200 किलोमीटर, ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची राइड; ती शर्यत नसते. मुदत 13 तास 30 मिनिटं, म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी 15 किलोमीटरच्याही आत. तरीही लोक महिनोन्‌महिने वेग वाढवत बसतात आणि वेळ घालवतात थांब्यांवर. ताशी 20 नं चालवलंत तर चालवण्यात दहा तास जातात, हातात साडेतीन तास उरतात. चार ठिकाणी मिसळ, चहा, फोटो असा पाऊण-पाऊण तास गेला की त्यातले तीन संपले. मग एखादं पंक्चर झालं की जीव वरखाली. म्हणून सरावाच्या राइडलाच दहा मिनिटांत खाणं, पाणी भरणं आणि निघणं अंगवळणी पाडा.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. बीआरएमचा हंगाम 1 नोव्हेंबर ते 31 ऑक्टोबर असा चालतो. 200, 300, 400 आणि 600 एकाच हंगामात पूर्ण करून सुपर रँडोनिअर व्हायचं असेल, तर एक जानेवारीला दोन महिने आधीच गेलेले असतात. उरलेल्या दहांतले चार पावसाचे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 200 झाली असेल तर ती धरली जाते. नसेल तर जानेवारीतच उरकून टाका आणि 400, 600 ऊन तापायच्या आत बसतात का ते आधी कॅलेंडरवर बघा.

दुसऱ्याची वेळ आपलं ध्येय

मित्र सिंहगड किती मिनिटांत चढतो यावर आपलं ध्येय ठरवू नका. त्याचं वजन, त्याचे गिअर, त्याची वर्षं वेगळी. पहिलं ध्येय पाय न टेकता वर पोहोचणं, मग स्वतःचीच वेळ कमी करणं. मागच्या चाकावरचं सर्वांत मोठं दातेरी चक्र 28 दात्यांचं असेल आणि चढावर पेडल अक्षरशः ढकलावं लागत असेल, तर 32 किंवा 34 ची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बसते का ते मेकॅनिकला विचारा. यात कमीपणा काहीच नाही.

गुडघा दुखतोय, तरी आकडा गाठायचाय

इथे थांबाच. दुखणं गुडघ्याच्या पुढच्या बाजूला असेल तर सीट खाली असण्याची किंवा जड गिअर रेटत असण्याची शक्यता जास्त. मागच्या बाजूला ओढ बसत असेल तर सीट बहुधा उंच आहे. भिंतीला टेकून सीटवर बसा, पेडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. बदल एका वेळी तीन-चार मिलिमीटरचाच करा आणि दोन-तीन राइड चालवून बघा. तरीही दुखलं तर डॉक्टरांकडे जा. आठवड्याचं अंतर साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा जुना नियम गुडघ्यांसाठी आजही चांगलाच आहे.

थकबाकी फेडत बसणं

ताप आला, आठवडा गेला, शंभर किलोमीटर राहिले. ते पुढच्या रविवारी एकदम भरून काढायला जाल तर पुन्हा आजारी पडाल. राहिलेलं सोडून द्या, पहिली राइड नेहमीच्या निम्मी करा. वर्षाचा आकडा मार्चअखेर, पाऊस सुरू होण्याआधी आणि दसऱ्याच्या सुमारास असा तीनदा तपासा आणि गरज पडली तर बिनदिक्कत खाली आणा.