कोबेचा सिटी लूप: चढ बसने, उतार पायांनी

बेस्टमध्ये ३१ वर्षं कंडक्टरकी केली, त्यामुळे परगावी गेलो तरी माझी नजर आधी बसवर जाते. मुलगा ओसाकात नोकरीला आहे. त्याच्याकडे दोन महिने राहून आलो आणि त्यात तीनदा कोबेला गेलो. तिन्ही वेळा शहर पाहिलं ते पर्यटकांसाठीच्या सिटी लूप बसने. आता ओळखीतलं कुणी जपानला निघालं की फोन मलाच येतो, म्हणून एकदा सगळं लिहूनच ठेवतो.

ओसाकाहून जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, जलद गाडी पकडली की पाऊण तासाच्या आत तुम्ही कोबेच्या मध्यवर्ती सान्नोमिया स्टेशनात. स्टेशनबाहेर बऱ्याच बसेस दिसतील. त्यात गडद हिरवी, जुन्या थाटाची दिसेल ती आपली. दिवसभराचा पास आधीच घ्या. तीनदा चढलात की पैसे वसूल, आणि काही ठिकाणी पास दाखवला की तिकिटात सूटही मिळते.

आता मुख्य गोष्ट. ही बस एकाच दिशेने गोल फिरते. हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही, आणि ३१ वर्षांची अब्रू गेली. समुद्राकाठच्या मेरिकेन पार्कला उभे होतो, डोंगराकडच्या शिन-कोबे स्टेशनला जायचं होतं. सकाळी तिकडूनच आलो होतो, म्हणजे तसंच मागे जाऊ, असं धरून चालून बसलो. बस निघाली ती बंदर, चायनाटाऊन, सान्नोमिया, टेकडी असं सगळं गाव फिरवून तिथे पोचली. बायको खिडकीतून बाहेर बघत एवढंच म्हणाली, “अहो, तुमचीच लाईन ना ही?” तेव्हा नकाशावरचा बाण बघूनच चढा.

कोबेत दिशा समजायला होकायंत्र लागत नाही. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला दर्या, मधल्या पट्टीत शहर. तिथले लोकही पत्ता सांगताना ‘डोंगराकडची बाजू’, ‘समुद्राकडची बाजू’ असंच म्हणतात. मी गुहागरचा, त्यामुळे मला हे पहिल्या तासातच पटलं. बसचा उपयोगही त्याच हिशोबाने करायचा. चढ बसला द्या, उतार स्वतः चाला.

म्हणून सकाळी सान्नोमियाहून बसने थेट कितानोच्या टेकडीवर चढा. १८६८ मध्ये बंदर परदेशी व्यापाराला उघडलं, आणि पुढे गोऱ्या व्यापाऱ्यांनी या टेकडीवर बंगले बांधले. बंगले बरेच आहेत आणि प्रत्येकाचं तिकीट वेगळं. सगळे पाहाल तर तिसऱ्या बंगल्यानंतर पलंग आणि आरसे सारखेच दिसायला लागतात. दोन पुरे. एक, जर्मन व्यापारी थॉमस याचा १९०९ चा विटांचा, ज्याच्या छपरावर वारा दाखवणारा कोंबडा आहे. दुसरा शेजारचा हिरवा, १९०३ चा, अमेरिकन कॉन्सल जनरलचा. १९९५ च्या भूकंपात त्याचं धुराडं आवारात कोसळलं, ते तसंच ठेवलंय. मी त्याच्याजवळच जास्त वेळ उभा राहिलो.

बसथांब्यापासून बंगल्यांपर्यंत थोडा चढ राहतोच. बायकोच्या गुडघ्यांमुळे आम्ही दोनदा टेकलो. मग उतारावर पायी निघा. वाटेत जैन मंदिर लागेल, पांढऱ्या संगमरवराचं, १९८५ चं. त्याच्याही खाली जपानमधली पहिली मशीद आहे. १९३५ मध्ये ती बांधताना इथल्या हिंदी व्यापाऱ्यांनी मोठा हातभार लावला. युद्धातल्या बाँबहल्ल्यांतून आणि भूकंपातूनही ती वाचली. शाकाहारी जेवणाची सोयही याच भागात बघून घ्या, पुढे चायनाटाऊनमध्ये डुकराच्या मांसाचे बन पावलोपावली आहेत. आम्ही दशम्या नेल्या होत्या, पण बसमध्ये डबा उघडू नका. तिथे कुणी फोनवरसुद्धा बोलत नाही.

पुढे शिन-कोबे. बुलेट ट्रेनच्या स्टेशनामागूनच नुनोबिकी धबधब्याची पायवाट सुरू होते. सर्वात मोठी धार ४३ मीटरची. पायऱ्या आहेत, मी एकटाच गेलो, ही स्टेशनात बसली. इथलं पाणी जहाजांवर भरून नेत, आणि विषुववृत्त ओलांडलं तरी ते नासत नाही, असं खलाशी म्हणत.

तिथून बस दर्याकडे उतरते. मेरिकेन पार्कला उतरा. ‘अमेरिकन’चं बोलीतलं रूप ‘मेरिकेन’. लाल पोर्ट टॉवर डमरूसारखा मध्ये आवळलेला आहे, १०८ मीटर उंच. फोटो तिथे काढालच. पण जवळच धक्क्याचा एक तुकडा भूकंपानंतर होता तसा राखलाय, तो चुकवू नका. दगड फाटलेले, दिव्यांचे खांब तिरके, मधल्या भेगांत समुद्राचं पाणी. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५:४६. सहा हजारांहून जास्त माणसं गेली. आजूबाजूला पोरं सायकली फिरवत असतात, आणि तेही बरंच वाटतं.

मुंबईकरांनी आणखी एक जागा बघावी. चायनाटाऊनपासून चालत, किनाऱ्याच्या रस्त्यावर निप्पॉन युसेन कंपनीची १९१८ ची इमारत उभी आहे. याच कंपनीने जमशेदजी टाटांशी हातमिळवणी करून १८९३ मध्ये कोबे-मुंबई बोटी सुरू केल्या. त्या आपल्याकडचा कापूस जपानच्या गिरण्यांसाठी नेत. कॉटन ग्रीनवरून मी हजारदा गेलोय, पण तिथल्या कापसाची वाट कुठवर जाते, याचा विचार कधी केला नव्हता. इथून जुन्या परदेशी वसाहतीच्या रस्त्यांनी सान्नोमिया चालत गाठता येतं, सपाट आहे.

बंदराकाठच्या हार्बरलँड भागातले रात्रीचे दिवे बघायचे असतील तर मात्र सावध. आम्ही आकाशपाळण्याचे रंग बघत बसलो, थांब्यावर आलो तर शेवटची बस गेलेली. मुंबईत रात्री अकराला बस मिळते, त्या सवयीने फसलो. ही संध्याकाळी लवकर बंद होते, वेळापत्रकाचा फोटो सकाळीच काढून ठेवा. चुकलीच तर टॅक्सी शोधू नका. जेआरचं कोबे स्टेशन तिथून दहा मिनिटांवर आहे, आणि ओसाकाची गाडी तिथूनच मिळते.