जिवाणूंच्या प्रथिनांवरची साखर शोधताना या चुका टाळा

आतड्यातले उपकारक जिवाणूही आपल्या प्रथिनांना शर्करा जोडतात, यात आता शंका उरलेली नाही. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजीचं एमएसपी१, लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचं एसीएम२ ही अशा प्रथिनांतली चांगली अभ्यासलेली नावं. पण प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलवर साखरेच्या रंगाची गुलाबी पट्टी उमटली की ‘ग्लायकोप्रोटीन (साखर जोडलेलं प्रथिन) सापडलं’ म्हणून मोकळं होण्याची घाई बरीच दिसते. ती साखर कुणाची, हे आधी बघा.

पहिला संशय जिवाणू वाढवण्याच्या माध्यमावर घ्या. लॅक्टोबॅसिलससाठीच्या एमआरएस ब्रॉथमध्ये लिटरला सुमारे ५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असतो, आणि यीस्टच्या पेशीभित्तिकेतली मॅनोप्रोटीनं (मॅनोज शर्करा जोडलेली प्रथिनं) कॉन-ए या लेक्टिनला, म्हणजे साखर ओळखणाऱ्या प्रथिनाला, छान चिकटतात. जिवाणू काढून वरचा द्रव आम्लाने साकळवला की तीही सोबत खाली बसतात. म्हणून जिवाणू न टाकलेला ब्रॉथ त्याच पद्धतीने तयार करून त्याच जेलवर चालवा. जेलवरची एक खाच वाचवण्यासाठी हा कंट्रोल गाळतात, आणि सगळा निष्कर्ष तिथेच फसतो. ग्लायकोसिलट्रान्सफरेजचं (साखर जोडणाऱ्या एन्झाइमचं) जनुक काढलेला त्याच वाणाचा म्युटंट मिळाला, तर पुरावा आणखी भक्कम.

याच माध्यमात ग्लुकोज लिटरला २० ग्रॅम. अमिनो आम्लांसोबत ते ऑटोक्लेव्ह केलं की काही ग्लुकोज एन्झाइमशिवायच प्रथिनांना जडतं. रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला तेही जिवाणूने जोडलेल्या साखरेसारखं १६२ डाल्टनची वाढ म्हणूनच दिसतं. ही वाढ लायसिन या अमिनो आम्लावर असेल तर सावध व्हा. लॅक्टोबॅसिलसमध्ये आपण सहसा सेरीन-थ्रिओनिन या अमिनो आम्लांवरची साखर शोधत असतो. ग्लुकोज वेगळं निर्जंतुक करून मिसळा.

जेलवर गुलाबी पट्टी देणारा पीएएस रंग प्रथिन ओळखत नाही, साखर ओळखतो. जीजी वाण पेशीबाहेर गॅलॅक्टोज-समृद्ध पॉलिसॅकराइड तयार करतो, तेही रंगतं. नमुन्याला प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज के हे एन्झाइम द्या: पट्टी गेली तर प्रथिन, फराटा तसाच राहिला तर पॉलिसॅकराइड.

कॉन-ए वापरून पट्टीच येत नसेल तर? आधी बफरमध्ये ईडीटीए हे धातू बांधून ठेवणारं रसायन आहे का बघा. कॉन-एला कॅल्शियम आणि मँगनीज लागतं, ईडीटीए दोन्ही पळवतं.

साखर कापणारं पीएनजीएज एफ लावूनही साखर सुटली नाही, म्हणजे ती नव्हतीच, असं समजू नका. ते एन्झाइम ॲस्परॅजिन या अमिनो आम्लावरची साखर काढतं. एमएसपी१ आणि एसीएम२ वरची साखर ओ-जोडणीची (सेरीन-थ्रिओनिनवरची) आहे. साखर कुठे जोडलेली असेल याचा अंदाज देणारे, सस्तन प्राण्यांच्या माहितीवर शिकवलेले प्रोग्रॅमही इथे कुचकामी. बॅक्टेरॉइड्स या आतड्यातल्या दुसऱ्या जिवाणूंमध्ये साखरेच्या जागी ॲस्पार्टेट, मग सेरीन किंवा थ्रिओनिन, मग ॲलानिन-ल्युसिनसारखं अमिनो आम्ल, असा ठरावीक क्रम सापडतो. तोच नियम लॅक्टोबॅसिलसला लावू नका.

मास स्पेक्ट्रोमेट्रीत एचसीडीने (आदळवून फोडण्याच्या पद्धतीने) पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, फोडलं की साखर आधी गळून पडते. २०४.०९ चं शिखर दिसलं तर ॲसिटिलेटेड अमिनो शर्करा आहे एवढं कळतं, ती नेमकी कुठे होती ते नाही. जागा हवी असेल तर ईटीडी (इलेक्ट्रॉन देऊन फोडण्याची पद्धत, हिच्यात साखर टिकून राहते) वापरा.

शेवटी, साखर म्हणजे प्रथिनाची ताकद वाढलीच, हे गृहीत धरू नका. एमएसपी१ मध्ये ती प्रोटिएजपासून (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमपासून) संरक्षण देते असं दिसतं. एसीएम२ हेही पेशीभित्तिका तोडणारंच एन्झाइम, पण तिथे साखरेने क्रियाशीलता घटते. ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनावर ही साखर नसतेच. त्यामुळे मूळ जिवाणूतून शुद्ध केलेलं प्रथिन शेजारी ठेवूनच क्रियाशीलता मोजा.