वेल वाळली म्हणून लगेच सब्बल (पहार) काढू नका! भिंतीवरच्या वेलीच्या बाबतीत या चुका टाळा

दर मे महिन्यात तेच. कोणीतरी फोटो पाठवतं, भिंतीवर नुसतं काड्यांचं जाळं, एक पान नाही, अन् खाली विचारलेलं असतं, "ताई, वेल मेली, आता कोणती लावू?" अहो थांबा ना जरा, मेली हे ठरवलं कोणी? आपल्याकडं अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा 45 च्या वर जातो, पश्चिमेची सिमेंटची भिंत दुपारभर तापते अन् अंधार पडल्यावरही हात लावू देत नाही. तिला चिकटून उभी असलेली वेल पानं टाकणारच. पानांतून पाणी उडतं, म्हणून ती पानं टाकून आतला ओलावा जपते. गुळवेल तर उन्हाळ्यात अशी दिसते की जुनी सुतळी लटकते आहे वाटावं, अन् मधूनच कापली तरी वरचा तुकडा दोऱ्यासारखी मुळं खाली सोडून परत माती गाठतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेंडा पाहून निकाल देणं. ही मी स्वतः केलेली आहे. आमच्या पडवीच्या भिंतीवर आईनं लावलेली मधुमालती होती, बारा-तेरा वर्षांची, बुडखा मनगटाएवढा. संध्याकाळी पांढरी फुलं उमलायची, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, एकाच झुबक्यात तिन्ही रंग. एका वर्षी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पार वाळली. मी वरच्या चार काड्या मोडून पाहिल्या, कडकड मोडल्या, झालं, मेली म्हटलं. घरी लग्न होतं, पाहुणे येणार, दारात वाळकं जाळं बरं दिसत नाही म्हणून गड्याकडून खणून काढली. सब्बल लागली तर बुडखा आतून ओला, साल सोलली तर खाली हिरवीगार, अन् मातीखाली दोन बोटांवर कोंब फुटायला लागलेले. मिरग आठ-दहा दिवसांवर होता. आई काही बोलली नाही, तो तुकडा हातात घेऊन ओट्यावर बसून राहिली. मी बुडखा परत गाडला, सावली केली, रोज पाणी घातलं, पण मुळं तुटून गेली होती, नाही जगला. ते मला आजही लागतं.

म्हणून आता माझी सवय अशी, शेंड्यापासून खाली हातभर अंतरावर नखानं साल खरवडत यायचं. तपकिरी अन् कोरडी लागली तर आणखी खाली. जिथं हिरवं-ओलं लागलं तिथून चार बोटं वर खूण करायची, पण मे मध्ये कात्री चालवायची नाही. पहिला दमदार पाऊस झाला की खुणेवर छाटायचं. बुडाशीही हिरवं नाही लागलं तरी मी पोळ्यापर्यंत थांबते, कारण मधुमालती मुळापासून पिल्लं काढते. पोळा झाला, काहीच फुटलं नाही, तर मग खणा.

दुसरी चूक, वाळलेल्या वेलीला युरिया. शेतातून उरलेला असतोच घरात, मूठभर टाकला की हिरवी होते असं लोकांना वाटतं. युरियात 46 टक्के नत्र असतं, पण पानंच नाहीत तर ते वापरणार कोण? उलट कोरड्या मातीत खत तीव्र होऊन मुळातलंच पाणी बाहेर ओढतं. आमच्या शेजारच्या काकूंची बोगनवेल अशीच गेली, आधी युरिया, मग घाबरून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बादल्या पाणी, अन् आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं सडली, वास यायला लागला होता. तीन दिवसांत हिरवी करून दाखवणारे व्हिडिओ पाहून घाई करू नका, वेलीला तिचा वेळ लागतो. आठवड्यातून दोनदा, ऊन उतरल्यावर, बोटभर खोल माती कोरडी असेल तरच पाणी. खत नवीन पानं आल्यावर, तेही कुजलेलं शेणखत.

बाइंडिंग वायरनं वेल आवळू नका, खोड जाड झालं की तार आत रुतते. जुन्या साडीची पट्टी बांधा.

उधई म्हणजे वाळवी दिसली की लगेच वेल मेली समजू नका, बहुतेक वेळा ती वरची वाळकी साल खात असते. मातीचा थर खरवडून काढा अन् खालची साल पाहा.

खरंच मेली असेल तर नवीन वेल मे मध्ये लावू नका, नर्सरीची सहा फुटी तर नाहीच, तिची मुळं पिशवीत गोल गुंडाळलेली असतात. मिरगानंतर ओळखीच्यांकडून पेन्सिलएवढी जाड काडी आणा, तीन-चार डोळ्यांची, खालचं टोक तिरपं कापलेलं. जुन्या खड्ड्यात लावू नका, अन् भिंतीला अगदी खेटून तर नाहीच, तिथं गवंड्यानं टाकलेला सिमेंट-चुन्याचा मलबा असतो, काळी माती आधीच चुनखडीची, पानं पिवळी पडतात. भिंतीपासून दीड फूट सोडून दीड फूट खोल खड्डा, घमेलंभर शेणखत, थोडी रेती. अन् पहिल्या उन्हाळ्यात वेल अन् भिंतीच्या मध्ये मी एक बोरा टांगते, संध्याकाळी तो ओला करते, पावसाला सुरुवात झाली की काढून घेते.