विदर्भातल्या तालुक्यात आयटीची गुंतवणूक आणायची तर या चुका टाळा

पुसद, दर्यापूर, चिमूर, देसाईगंज अशा गावांत पन्नास खुर्च्यांचं बीपीओ (दुसऱ्या कंपन्यांचे कॉल आणि कामं सांभाळणारं केंद्र) किंवा एखाद्या कंपनीचं छोटं ऑफिस यावं म्हणून नगर परिषदा, कॉलेजं, स्थानिक केबल ऑपरेटर आणि तरुण उद्योजक धडपडत असतात. इमारत होते, उद्घाटन होतं, कंपनीची माणसं पाहून जातात आणि पुढे काहीच घडत नाही. दोष बहुतेक वेळा मुलामुलींच्या कुवतीचा नसतो. पाहणीला आलेल्या माणसाला तीन गोष्टी लेखी हव्या असतात: गेल्या काही महिन्यांत नेट किती तास बंद होतं, वीज किती तास नव्हती, आणि बंद पडलेलं सुरू व्हायला किती वेळ लागला. ही नोंद नसेल तर फर्निचर कितीही चांगलं असो, करार होत नाही.

वेग दाखवायचा, सातत्य मोजायचं नाही

"आमच्याकडे ३०० एमबीपीएस आहे" हे वाक्य प्रत्येक सादरीकरणात असतं. पण जी.७११ कोडेकवर (आवाजाचा डेटा करण्याची पद्धत) एक कॉल दोन्ही दिशांना साधारण ८७ केबीपीएस घेतो. पन्नास कॉल एकाच वेळी चालले तरी साडेचार एमबीपीएसच्या आत भागतं. कामाचे स्क्रीन, अपडेट, बॅकअप धरले तरी ५० एमबीपीएस पुरतात. कॉल बिघडतो तो वेगळ्याच कारणांनी: एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या वर गेला, जिटर (विलंबातला चढउतार) ३० मिलिसेकंदांच्या वर गेला किंवा पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) १ टक्का ओलांडू लागला की ग्राहकाला तुटक आवाज येतो.

घरगुती एफटीटीएच (घरापर्यंत फायबर) प्लॅनवर हे हमखास होतं. जीपॉनच्या (एक फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत) एका पोर्टचा सुमारे २.५ जीबीपीएस डाउनलोड आणि १.२५ जीबीपीएस अपलोड ३२ किंवा ६४ जोडण्यांत वाटलेला असतो, आणि ऑपरेटरची पुढची लाइन त्याहून बारीक असते. संध्याकाळी गाव मोबाइल आणि टीव्हीवर बसलं की केंद्राची दुसरी शिफ्ट अडखळते. केंद्रासाठी १:१ लीज्ड लाइनच (कुणाशी न वाटलेली, फक्त तुमची) घ्या, आणि लाइन किती टक्के वेळ चालू राहील या करारातल्या हमीचे तास करून पाहा. ३० दिवसांच्या महिन्यात ९९ टक्के म्हणजे ७ तास १२ मिनिटं बंद, ९९.५ म्हणजे ३ तास ३६ मिनिटं, ९९.९ म्हणजे ४३ मिनिटं. ९९ टक्क्यांचा करार ऐकायला चांगला वाटतो, पण त्यात जवळपास एक पूर्ण शिफ्ट जाते.

नोंद ठेवायला खर्च फार नाही. एक जुना संगणक यूपीएसवर कायम चालू ठेवा आणि दर मिनिटाला दोन ठिकाणी पिंग (उत्तर येतं का ते पाहणारा छोटा संदेश) पाठवा: ऑपरेटरच्या गेटवेला (त्याच्या जाळ्याचं पहिलं यंत्र) आणि मुंबईतल्या एखाद्या सर्व्हरला. गेटवेच मिळत नसेल तर बिघाड गावात आहे. गेटवे मिळतो पण मुंबई नाही, तर बिघाड पुढे आहे. प्रत्येक खंडासमोर कारण लिहा: वीज, केबल की यंत्र. निदान तीन महिने, आणि त्यात जून आलाच पाहिजे. फक्त डिसेंबर-जानेवारीचे आकडे दाखवणाऱ्यावर जाणकार विश्वास ठेवत नाही.

कंपन्या दोन, पण खांब एकच

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे. दोन ऑपरेटरकडून लाइन घेतली म्हणजे पर्याय झाला, असं समजलं जातं. प्रत्यक्षात दोघांनी एकाच कंपनीची डार्क फायबर (टाकून ठेवलेली, न वापरलेली केबल) भाड्याने घेतलेली असते, किंवा दोघांच्या केबल एकाच खांबावरून, एकाच नाल्याच्या पुलावरून जातात. जेसीबीचा एक फटका दोन्ही लाइन तोडतो.

देशपातळीवर हाच धडा भारतनेटने, म्हणजे ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमाने, दिला. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या जाळ्यात तालुका ते ग्रामपंचायत बहुतेक ठिकाणी केबल सरळ रेषेत गेली. मध्ये तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात रिंग रचना (वर्तुळात केबल, एकीकडून तुटली तरी दुसरीकडून चालते) स्वीकारली गेली. तुमच्या तालुक्याची रिंग नकाशावर आहे की जमिनीवर खरंच पूर्ण झाली आहे, हे गुंतवणूकदाराशी बोलण्याआधी विचारा.

करारापूर्वी दोन्ही ऑपरेटरकडून मार्गाची केएमझेड फाइल (संगणकाच्या नकाशावर उघडणारी) मागा, एकावर एक ठेवून बघा आणि मोटारसायकलवर तो मार्ग फिरून या. नदीचा पूल, रेल्वे फाटक आणि गावात शिरतानाची शेवटची ५०० मीटर, या तीन जागी मार्ग हमखास एकत्र येतात. नदीवर पूलच एक असेल तर तिसरा रस्ता हवेतून काढा: ५.८ गिगाहर्ट्‌झची रेडिओ लिंक. हा पट्टा परवानामुक्त आहे. मात्र समोरचा टॉवर डोळ्यांना दिसतो एवढ्यावर थांबू नका. १० किलोमीटरच्या लिंकला मध्यावर, सरळ रेषेच्या सभोवती किमान ७ मीटर जागा मोकळी लागते. पाहणी मे महिन्यात केली तर साग पानगळीत असतो, लिंक उत्तम लागते. जुलैत पानं आली की सिग्नल कोसळतो. चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाटच्या पट्ट्यात टॉवरची उंची पावसाळ्यातल्या झाडांवरून ठरवा.

काळ्या जमिनीत केबल

केबल १.६५ मीटर खोल असावी हा नियम आहे, पण ठेकेदार पांदण रस्त्याच्या कडेला किंवा धुऱ्याने फुटा-दोन फुटांवर टाकून मोकळा होतो. पुढे रस्ता रुंद झाला, पाइपलाइनचा चर खोदला की केबल वर येते. नाली बुजवण्याआधी दर ५० मीटरवर खोलीचा फोटो, टेपसह, घ्या. बिल त्यावरच काढा.

यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. त्या ओढाताणीत जॉइंट सैल होतात, खांब कलतात. प्रत्येक जॉइंटला १० ते १५ मीटर केबलचं वेटोळं ठेवा. तुटल्यावर ओढून जोडायला तेच कामी येतं. खांबाचा खड्डा त्याच काळ्या मातीने भरू नका, मुरूम ठोकून वर काँक्रीट करा. लटकत्या केबलसाठी धातू नसलेली केबल वापरा, नाहीतर वीज पडली की केबलवरून थेट यंत्रापर्यंत येते.

सिग्नल कमी येतो म्हणून राउटर बदलत बसण्याआधी हिशोब करा. क्लास बी+ ऑप्टिक्सला (दोन्ही टोकांची प्रकाशयंत्रं) वाटेत २८ डीबीपर्यंत (डेसिबल, प्रकाशाच्या घटीचं माप) नुकसान चालतं. १२ किलोमीटर फायबर, किलोमीटरला ०.३५ धरून ४.२; १:३२ स्प्लिटर (एक फायबर ३२ जणांत वाटणारा) १७.५, आठ स्प्लाइस (फायबरचे जोड) ०.८, चार कनेक्टर २. बेरीज २४.५, शिल्लक साडेतीन. यातले ३ डीबी भविष्यातल्या जोडकामांसाठी राखायचे असतात, म्हणजे इथे आणखी एक स्प्लिटर घुसवायला जागाच नाही. ग्राहक वाढले की हीच चूक होते आणि मग शेवटचं गाव उणे २७ डीबीएमच्या खाली जाऊन लाल दिवा दाखवू लागतं.

एकाच घरचा सिग्नल गेला तर ड्रॉप केबलचं (खांबावरून घरात येणारी) वळण किंवा माकडांची ओढ पाहा. एका स्प्लिटरवरचे सगळे गेले तर डब्यात पाणी शिरलं आहे. पूर्ण पोर्ट गेला तर मुख्य केबल. ओटीडीआर (फायबरमधला दोष शोधणारं यंत्र) १३१० आणि १५५० नॅनोमीटर दोन्हीवर चालवा: १५५० वर नुकसान बरंच जास्त दिसलं तर केबल कुठेतरी वाकली आहे, दोन्हीवर सारखंच असेल तर स्प्लाइस वाईट आहे किंवा कनेक्टर घाण आहे. ही एक तपासणी दिवसभराची खोदाई वाचवते.

मे महिना विसरून केलेला आराखडा

पुण्या-मुंबईचे आराखडे इथे जसेच्या तसे उतरवले की उन्हाळ्यात घोळ होतो. उघड्या स्लॅबखाली २,५०० चौरस फुटांना, ४५ अंशांच्या दुपारी, दर १२० चौरस फुटांना एक टनाचा एसी धरा. सुमारे २० टन, म्हणजे दीड टनाचे चौदा एसी आणि २२ किलोवॅटच्या आसपास भार. वर दुसरा मजला असेल तर १५ टनांत काम होतं, म्हणून केंद्रासाठी तळमजला घ्या. पन्नास संगणक, प्रत्येकी १२० वॅट, म्हणजे ६ किलोवॅट. त्यांना १० केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस. दिवे, पंखे आणि एसी सुरू होतानाचा झटका धरला तर जनरेटर ६२.५ केव्हीएचा लागतो. कागदावर ४० मध्ये बसतंय असं दिसतं, पण मेमध्ये तो ट्रिप होतो.

यंत्रांच्या खोलीत डेझर्ट कूलर लावू नका. ओलावा, धूळ आणि पाण्यातले क्षार यंत्रांच्या पंख्यांवर बसतात. बॅटऱ्या तर उष्णतेने सर्वांत आधी मरतात: तापमान २५ अंशांवर दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. पाच वर्षांची बॅटरी सतत ३५ अंशांच्या खोलीत अडीच वर्षांत संपते, आणि ते कळतं ते वादळात लाइन गेल्यावर. दर तीन महिन्यांनी यूपीएसची मुख्य वीज बंद करा, पूर्ण भारावर किती मिनिटं मिळतात ते लिहून ठेवा.

अर्थिंग ऑगस्टमध्ये मोजलं तर जमीन ओली असते आणि आकडा सुंदर येतो. एप्रिल-मेमध्ये मोजा. ५ ओहमच्या वर असेल तर पहिल्या वादळाआधी खड्डा दुरुस्त करा किंवा दुसरा इलेक्ट्रोड जोडा.

संपलेल्या योजनेवर उभा प्रकल्प अहवाल

इंडिया बीपीओ प्रमोशन स्कीममध्ये खुर्चीमागे १ लाख रुपयांपर्यंत मदत मिळायची. ती मार्च २०१९ मध्ये संपली, तरी तिचे आकडे अजून प्रकल्प अहवालांत फिरतात. बँकेने एकदा ते पकडलं की बाकी अहवालावरचाही विश्वास जातो. त्याचप्रमाणे कॉल सेंटरला लागणारी ओएसपी (इतर सेवा पुरवठादार) नोंदणी नोव्हेंबर २०२० मध्येच रद्द झाली. "परवाना काढून देतो" म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना प्रामुख्याने उत्पादन उद्योगांची आहे. सेवा देणाऱ्या युनिटने २०२३ चं आयटी धोरण वाचावं आणि जिल्हा उद्योग केंद्रात नोंदणीची चौकशी आधी करावी. धोरणाखाली नोंदलेल्या आयटी युनिटला महावितरणचा औद्योगिक दर मागता येतो. कागद नसेल तर वाणिज्यिक दराने बिल येतं, आणि चौदा एसींच्या बिलात हा फरक मोठा असतो.

केबलसाठी रस्त्याची परवानगी १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नव्या मार्गाधिकार नियमांनुसार मिळते. ग्रामपंचायतीचा साधा ना-हरकत दाखला घेऊन जिल्हा परिषदेच्या किंवा राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला खोदू नका. जागा ज्याची, अर्ज त्याच्याकडे. जंगलात, सुविधांसाठी वनजमीन देणाऱ्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये दूरसंचार लाइनचा समावेश आहे: एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पर्यंत झाडं, ग्रामसभेची शिफारस. पण ही सवलत शासनामार्फत चालणाऱ्या सुविधांसाठी आहे. खासगी ऑपरेटरने तिच्या भरवशावर काम सुरू केलं तर यंत्रं जप्त व्हायची वेळ येते.

माणसं आणि शिफ्ट

करार हातात नसताना दोनशे जणांचं प्रशिक्षण घेऊ नका. तयार झालेली मुलं नागपूर-पुण्याला निघून जातात आणि केंद्र सुरू होतं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. पंचवीसची पहिली तुकडी पुरे. रात्री साडेनऊनंतर मुलींची शिफ्ट असेल तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार त्यांची संमती आणि घरापर्यंत सुरक्षित वाहन हवं. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलींसाठी गाडीचा हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच घाला.

पाहणीच्या आदल्या आठवड्यात

दहा जणांना खऱ्या कॉलवर बसवा आणि मुख्य फायबर राउटरमधून काढा. बरेचसे साधे ड्युअल-वॅन (दोन लाइन जोडता येणारे) राउटर दुसऱ्या लाइनवर जातात, पण आयपी पत्ता बदलल्यामुळे चालू कॉल सगळे तुटतात. असं झालं तर दोन्ही लाइन एकत्र सांभाळणारी एसडी-वॅन यंत्रणा किंवा दूरच्या डेटा सेंटरपर्यंतचा टनेल (नेटवरचा कायम जोड) बसवा, म्हणजे पत्ता तोच राहतो. मग दोन्ही लाइन परत जोडून वीज बंद करा. यूपीएस, जनरेटर आणि एसी याच क्रमाने उचलले जातात का ते घड्याळ लावून बघा, सेकंद लिहा, आणि तो कागद तीन महिन्यांच्या पिंगच्या नोंदीला जोडून पाहुण्यांना द्या.