१९६९ च्या डॉज चार्जरला नवा कार्ब (कार्बुरेटर): सुरुवात करण्याआधी काय जमवायचं

ही यादी ३८३ इंजिन, चार बॅरलचा (हवेच्या चार नळ्यांचा) कार्ब आणि ७२७ टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक असलेल्या चार्जरसाठी. मॅन्युअल गिअरवाल्यांनी किकडाउन रॉडचा (कार्ब आणि ट्रान्समिशन जोडणाऱ्या दांडीचा) भाग गाळला तरी चालेल. ऑटोमॅटिकवाल्यांनी बाकी सगळं गाळा, तो भाग नको.

आधी माप, म्हणजे कार्बमधून मिनिटाला किती घनफूट हवा जाते (सीएफएम). ३८३ (इंजिनाचा आकार, घनइंचांत) गुणिले ५,५०० आरपीएम भागिले ३,४५६, म्हणजे साधारण ६१० सीएफएम. साधं इंजिन ८५ टक्क्यांच्या आसपासच हवा भरून घेतं, म्हणजे गरज ५२० च्या आत. ६५० चा कार्ब भरपूर झाला. ७५० चा डबल पंपर (दोन पंपांचा कार्ब) बॉनेट उघडल्यावर झकास दिसतो, पण स्टॉक कॅमवर खालच्या आरपीएमला गाडी अडखळते. कंपनीतून या इंजिनावर कार्टरचा एव्हीएस यायचा, त्यामुळे एडलब्रॉकचा एव्हीएस२, इलेक्ट्रिक चोकचा १९०६ नंबर, हा सरळ पर्याय.

आता ऑर्डर. गॅस्केट, पेट्रोलचा नवा होज, क्लिपा, फिल्टर हे सांगायला नको. मूळ चोकची स्प्रिंग मॅनिफोल्डच्या खोबणीत बसते. ती काढली की भोक झाकायला पत्रा लागेल. आणि त्याच ऑर्डरमध्ये क्रायस्लरसाठीचा थ्रॉटल लिव्हर अडॅप्टर. तो कार्बच्या खोक्यात येत नाही. तो नसेल तर किकडाउन रॉड नव्या कार्बवर नीट बसतच नाही, मग लोक रॉड तारेने बाजूला बांधतात आणि ‘सध्या चालवून बघू’ म्हणतात. बघू नका.

हा रॉड फक्त ओव्हरटेकच्या वेळी गिअर खाली आणतो, हा समज चुकीचा आहे. पाय किती दाबला आहे हे ट्रान्समिशनला याच रॉडवरून कळतं आणि आतला तेलाचा दाब त्याप्रमाणे वाढतो. रॉड सुटलेला असेल तर दाब कायम आयडलइतका (पेडलवर पाय नसतानाइतका). ट्रान्समिशनमधले क्लच घसरतात, तापतात, जळतात. कार्बच्या किमतीत ट्रान्समिशन उघडून होत नाही. म्हणून अडॅप्टर हातात नसेल तर जुना कार्ब उतरवूच नका.

कार्बला हात लावण्याआधी इग्निशन. पॉइंट, ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन, ३० अंशांच्या आसपास), प्लग, टायमिंग. टायमिंग चुकलेलं असेल तर दिवसभर मिक्श्चरचे स्क्रू फिरवूनही हाती काही लागत नाही. आयडलचा व्हॅक्यूम गेजवर बघून लिहून ठेवा, पुढे लागेल.

बसवताना गॅस्केटवर कार्ब ठेवून बटरफ्लाय पूर्ण उघडून बघा, पाती कडेला घासता कामा नयेत. नट आडवे-तिरके, थोडे थोडे आवळायचे, ७ ते ८ फूट-पाउंडांपर्यंत. जास्त जोर लावला तर अॅल्युमिनियमचा फ्लँज वाकतो आणि हवा ओढू लागतो. रिटर्न स्प्रिंगा दोन. पुढचा मोठा पोर्ट पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत ओढणाऱ्या नळीचा), ब्रेक बूस्टरचा मागे. चोकची तार चावी ऑन असतानाच १२ व्होल्ट देणाऱ्या ठिकाणाहून घ्या, कॉइलवरून नाही. तिथे बॅलास्टमुळे (कॉइलच्या वाटेतल्या रेझिस्टरमुळे) व्होल्टेज आधीच कमी असतं. चोक उघडायला उशीर लागतो आणि ठिणगीही मंदावते.

मग रॉड. इंजिन बंद. एकाला आत बसवून पेडल तळाला दाबायला सांगा; हाताने कार्ब उघडून चालणार नाही, कारण पेडलची केबलच कमी पडत असेल तर ते तेव्हाच दिसतं. कार्ब पूर्ण उघडा असताना ट्रान्समिशनच्या डाव्या बाजूचा थ्रॉटल लिव्हर मागे अगदी टोकाला टेकला पाहिजे, पेडल सोडल्यावर पूर्ण पुढे आला पाहिजे. टोकाला टेकत नसेल तर रॉडची लांबी बदला, पुन्हा पेडल, पुन्हा बघा. उलट लिव्हर आधीच टेकून कार्ब अडवत असेल तर तेही चूक. उष्णतेसाठी अर्ध्या इंचाचा स्पेसर घातलात तर कार्ब वर जातो आणि रॉडचं माप बदलतं. म्हणजे हे सगळं पुन्हा. हो, पुन्हा.

पेट्रोलचा दाब साडेपाच ते सहा पीएसआय. साडेसहाच्या वर फ्लोटची (कार्बमधल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) सुई धरत नाही आणि पेट्रोल उतू जातं. फ्लोट तपासायचेच असतील तर झाकण उलटं धरून फ्लोट आणि गॅस्केटमध्ये ७/१६ इंच.

ट्यूनिंग इंजिन पूर्ण तापल्यावर. मिक्श्चरचे दोन्ही स्क्रू दीड आटा उघडून सुरुवात करा, आरपीएम सर्वांत जास्त मिळेल तिथे आणा, मग वीसेक आरपीएम पडेपर्यंत किंचित आत. पाय टाकताच गाडी गचकत असेल तर अॅक्सिलरेटर पंपाची कडी कार्बच्या अंगाजवळच्या भोकात घाला, पेट्रोलचा फवारा वाढतो. मीटरिंग रॉडखालची (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या दांडीखालची) स्प्रिंग गेजवर लिहून ठेवलेल्या आयडल व्हॅक्यूमच्या साधारण निम्मी हवी: केशरी ५ इंच, पिवळी ४, गुलाबी ७. ती बदलायला कार्ब उतरवावा लागत नाही, वरची छोटी झाकणं सैल केली की झालं. मागच्या एअर व्हॉल्व्हचा (मागच्या दोन बॅरलवरच्या हवेच्या झडपेचा) लॉक सैल करताना दुसऱ्या स्क्रूड्रायव्हरने मधला स्क्रू धरून ठेवा, नाहीतर स्प्रिंग भर्रकन उलगडते आणि मूळ सेटिंग गेलं. बदल पाव-पाव आट्याने.

पहिली फेरी घराजवळच. गिअर लवकर आणि मऊ पडत असतील तर थांबा, रॉड बघा. उशिरा आणि झटक्याने पडत असतील तरी रॉडच. थंड झाल्यावर नट पुन्हा तपासा. जुना कार्टर भंगारात देऊ नका. गाडी विकताना नंबर जुळणारा मूळ कार्ब गिऱ्हाईक हटकून विचारतं.