बाळाला घेऊन नेदरलँड्समध्ये नातेवाइकांकडे चाललात? फिरताना या चुका टाळा

अ‍ॅमस्टरडॅमहून हार्लेम रेल्वेनं पाव तासावर, उत्रेख्त अर्ध्या तासावर, हेग तासाभराच्या आत. हे कळलं की पाहुण्यांचा बेत ठरतो: सकाळी डेल्फ्ट, दुपारी हेग, संध्याकाळी रॉटरडॅम. मोठी माणसं हे रेटून नेतात, दहा महिन्यांच्या बाळाला ते झेपत नाही. पुढच्या बऱ्याचशा चुका या एकाच चुकीतून निघतात. देश लहान असल्याचा खरा फायदा उलटा आहे. सकाळी एकच गाव निवांत बघायचं आणि दुपारच्या झोपेला ताईच्या घरी परत यायचं. तिथे पाळणा आहे, वरणभात आहे, कपडे धुवायची सोय आहे.

रेल्वेत

नऊच्या आधी निघू नका. साडेसहा ते नऊ नोकरदारांची गर्दी असते, बाबागाडी दारातच अडकते. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. मोठ्यांनी बँकेचं कार्ड गेटवर टेकवून जाता येतं, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं आणि उतरताना तेच कार्ड पुन्हा टेकवायला हवं. इथे हमखास गडबड होते: चढताना प्लास्टिकचं कार्ड, उतरताना हात मोकळा नाही म्हणून फोन. खातं एकच असलं तरी यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात आणि जादा पैसे कापले जातात. कार्ड टेकवून पैसे भरायच्या या सोयीला ओव्हीपे म्हणतात; तिच्या अ‍ॅपवरून अशी राहून गेलेली नोंद दुरुस्त करून घेता येते, तेवढी आठवण ठेवा.

डब्यात शिरताना खिडकीची काच बघा. 'स्टिल्टे' लिहिलेलं असेल तर तो शांततेचा डबा. तिथे बाळ रडायला लागलं तर लोक बोलून दाखवतात, आणि त्यांचं चूक नसतं. शेजारच्या डब्यात जा.

बाबागाडी एके बाबागाडी

जुन्या गावांत रस्ते विटांचे आणि घरांचे जिने शिडीसारखे उभे. तुमचे नातेवाईक तिसऱ्या मजल्यावर राहत असतील तर लिफ्ट आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारा. सहज घडी होणारी गाडी आणि पोटाशी बांधायची झोळी, दोन्ही सोबत हव्यात. गाडीला प्लास्टिकचं पाऊसकव्हर हवंच. इथल्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. आत शिरताच मात्र ते कव्हर काढा, बाळ आत घामाघूम होतं.

दोन ठिकाणी जिवाचा प्रश्न आहे. लालसर डांबराची पट्टी दिसली की ती सायकलींची, फोटोसाठीसुद्धा तिच्यावर थांबू नका. सायकली वेगात येतात आणि आवाज करत नाहीत. दुसरं म्हणजे कालवे. त्यांना बहुतेक ठिकाणी कठडा नसतो. गाडी नेहमी पाण्याला समांतर उभी करा, तोंड पाण्याकडे नको. ब्रेक लावा आणि एक हात दांडीवर ठेवा. नुकतं पाऊल टाकायला लागलेलं मूल तिथे खाली सोडूच नका.

आयत्या वेळी तिकिटं

नाझींपासून लपून राहून डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकच्या अ‍ॅमस्टरडॅममधल्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवडे पुढची विक्री खुली होते. तिथले जिने अतिशय उभे आहेत आणि ती जागा शांतपणे बघायची आहे. म्हणून माझं स्पष्ट मत: बाळाला आत नेऊ नका. एकानं बघावं, दुसऱ्यानं बाहेर कालव्याकाठी फिरावं, मग अदलाबदल. व्हॅन गॉग आणि रेइक्स म्युझियममध्ये अठराखालच्यांना पैसे पडत नाहीत, पण व्हॅन गॉगसाठी वेळ आधी राखावी लागते, बाळाचीसुद्धा.

खाणंपिणं

आजीनं दिलेली तुपाची बरणी घरीच ठेवा. युरोपीय संघाबाहेरून दूधदुभतं सामानातून आणायला बंदी आहे, पेढेही त्यातच आले. आंबेसुद्धा प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. बाळाची दूध पावडर मात्र चालते: कंपनीच्या सीलबंद डब्यात, फ्रिजची गरज नसलेली, माणशी २ किलोपर्यंत. डाळ-तांदूळ इथे सहज मिळतात. डच माणसांचं दुपारचं जेवण म्हणजे बहुधा थंड पाव-चीज, तेव्हा मऊ भात थर्मासमध्ये घरूनच घ्या.

रात्री बाळ झोपत नाही

जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. बाळ आजारी नाही, त्याला उजेड छळतोय. यजमानांना जाड पडदा लावायला सांगा, नाहीतर प्रवासात खिडकीला चिकटवता येईल असं काळं कापड जवळ ठेवा.

ताप आला तर

थेट इस्पितळात जाऊ नका. दिवसा यजमानांच्या फॅमिली डॉक्टरांना फोन, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी 'हाउसआर्ट्सनपोस्ट' नावाच्या केंद्राला. तिथेही आधी फोन करूनच जायचं. जिवावर बेतलं तर ११२. तापाचं औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे डोस लिहून घेऊन भारतातूनच आणा आणि बाळाच्या विम्याचा कागद पिशवीत ठेवा.

पाऊस थांबायचं नाव घेत नसेल तर अ‍ॅमस्टरडॅम सेंट्रालजवळच्या ओबा ग्रंथालयात जा. मुलांसाठी वेगळा विभाग आहे आणि आत बसायला पैसे लागत नाहीत. पाऊस उघडला की स्थानकाच्या मागून पलीकडे जाणारी फेरी बोट धरा. तीही फुकट आणि बाबागाडी सरळ आत ढकलता येते.