व्हीआर हेडसेट आत्ता घ्यावा की थांबावे, हे कसे ठरवावे

आभासी वास्तव (व्हीआर) लवकरच घरोघरी पोहोचणार, हे २०१२ मध्ये ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे उभे राहिले तेव्हापासून आपण ऐकत आलो आहोत. त्यानंतर २०२० मध्ये फेसबुकचा (आताच्या मेटाचा) क्वेस्ट २ हा हेडसेट २९९ डॉलरला मिळू लागला, तर २०२४ मध्ये ॲपलचा व्हिजन प्रो ३,४९९ डॉलरला आला. तरीही नवलाई ओसरल्यावर दुसऱ्या महिन्यात तो डोक्यावर चढतो का, हा प्रश्न दोन्ही टोकांना सारखाच उरला. खरेदीचा निर्णय याच प्रश्नावरून घ्यावा.

प्रथम हेडसेट रोज कोणत्या वेळी आणि कशासाठी वापरणार, हे ठरवावे. व्यायाम किंवा मोटार शर्यतीचे खेळ असे ठरलेले काम असेल, तर तो टिकतो. केवळ चित्रपट पाहायचे असतील, तर चांगला टीव्ही घ्यावा, कारण तो घरातल्या सर्वांना एकत्र पाहता येतो.

त्यानंतर ओळखीच्या कोणाकडून हेडसेट मागून घेऊन किमान अर्धा तास वापरून पाहावा. दुकानातली पाच मिनिटे फसवी असतात. क्वेस्ट ३ चे वजन ५१५ ग्रॅम आहे आणि पट्टा चुकीचा बसला, तर तो सगळा भार गालांच्या हाडांवर येतो. म्हणून पट्टे सैल करून हेडसेट आधी चेहऱ्यावर टेकवावा, मागचा पट्टा कवटीच्या उंचवट्याखाली ओढावा आणि वरच्या पट्ट्याने वजन उचलून धरावे. अक्षरे पुसट दिसत असतील, तर हेडसेट किंचित वर-खाली सरकवावा आणि मगच भिंगांमधले अंतर जुळवावे. ते डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळावे लागते, आणि हे अंतर चष्म्याच्या दुकानात मोजून मिळते. क्वेस्ट ३ मध्ये भिंगांमधले अंतर चाक फिरवून जुळवता येते. क्वेस्ट २ मध्ये मात्र ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीनच टप्पे आहेत, आणि माझ्यासारख्या ६५ वाल्याला ६३ आणि ६८ च्या मध्ये लटकावे लागते.

मळमळ हा भित्रेपणा नव्हे. डोळे सांगतात की आपण धावतो आहोत, आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण उभे आहोत. या विसंगतीतून ती उद्भवते. सुरुवातीला एका जागी उभे राहून खेळायचे खेळ निवडावेत आणि पहिल्या लक्षणाबरोबर हेडसेट काढावा. नेट लावून खेळत राहिल्यास त्रास वाढतो आणि पुढच्या वेळी हेडसेट नुसता पाहूनही नकोसे वाटते.

जागा साधारण दोन मीटर लांब-रुंद असावी आणि आपल्याकडे छताकडेही पाहावे: हात पूर्ण उंचावून, हातातल्या कंट्रोलरसकट, पंख्याची पाती किती दूर राहतात ते पंखा बंद असताना तपासावे. हेडसेट खिडकीत ठेवू नये, कारण भिंगांतून एकवटलेले ऊन आतला पडदा कायमचा जाळते.

वापरलेला हेडसेट घेताना त्या मॉडेलला अद्ययावत सॉफ्टवेअर अजून मिळते का, हे पाहावे. २०१९ च्या पहिल्या क्वेस्टला कंपनीने पाच वर्षांतच वाऱ्यावर सोडले. दिवसभर मजकूर वाचण्याचे काम करायचे असेल, तर मात्र थांबावे. पहिल्या व्हिजन प्रोची बॅटरी वायरने जोडून खिशात ठेवावी लागते आणि तरीही डोक्यावर ६०० ग्रॅमहून अधिक भार उरतो. शिवाय जवळची वस्तू पाहताना डोळे आत वळतात, पण भिंगांचा फोकस एकाच अंतरावर स्थिर असतो, त्यामुळे येणारा शीण जास्त पैसे मोजूनही टळत नाही.